बिनहळदीचं कोहळं

कलावतीबाई गजभियेच्या घरी सकाळी दहा वाजता सात मुलं असत आणि त्यांतलं एकही रडत नसे. जबलपूरच्या रांझी वस्तीतल्या बायांना याचं फार नवल वाटे. ज्यांच्या घरी एकच पोर आवरत नव्हतं, त्या बाजारातून परतताना मुद्दाम तिच्या दारावरून जात आणि आत डोकावत. आत दिसायचं ते असं: ओसरीवर सतरंजी, सतरंजीवर मुलं, आणि प्रत्येकाच्या हातात एक कच्ची भाजी. कुणाकडे वाटाण्याची शेंग, कुणाकडे मुळा, कुणाच्या मुठीत देठासकट छोटं वांगं. मुलं ती भाजी आपटत, चाटत, एकमेकांना मारत. दुपारी तीच भाजी शिजून, घोटून भातावर यायची आणि मुलं निमूट खायची.

"ओळख नाही तं तोंडात कसं घेईल लेकरू?" कलावती म्हणायची. "पाहुना बी पहिले दारात बसते, मंगच घरात येते."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शाळा तिनं चौथीपर्यंतच पाहिली होती. भंडाऱ्याकडच्या एका खेड्यातून १९५८ साली, सतराव्या वर्षी, ती सुखराम गजभियेची बायको होऊन जबलपूरला आली. सुखराम तोफगाड्यांच्या कारखान्यात कामगार होता. नवऱ्याशी तिचं पहिल्या दिवसापासून जमलं, पण गावाशी जमायला वेळ लागला, आणि पहिलं भांडण झालं ते भाजीबाजारात. तिथे वांग्याला भटा म्हणत, चवळीच्या शेंगांना बरबटी, आणि तिच्या लाडक्या कोहळ्याला, म्हणजे पिकल्या लाल भोपळ्याला, कुम्हड़ा. ती बोट दाखवून मागायची, आणि टोपली घेऊन बसलेली नर्मदा नावाची भाजीवाली पोट धरून हसायची. महिनाभरानं दोघींची गट्टी झाली. नर्मदेचं मराठी आणि कलावतीचं हिंदी दोन्ही शेवटपर्यंत मोडकंच राहिलं, पण त्यामुळे काही अडलं नाही.

१९६९च्या पावसाळ्यात सुखरामला कावीळ झाली. शेजारपाजारच्या सगळ्यांनी सांगितलं तसं कलावतीनं केलं. तेल बंद, तूप बंद, हळद तर घरातूनच बाहेर काढली, कारण हळद पिवळी. मग माणसाला खाऊ काय घालायचं? ती कोहळं नुसत्या पाण्यात शिजवायची, चिमूटभर मीठ टाकायची आणि चमच्यानं भरवायची. सुखरामला तेवढंच गोड लागायचं. पाच दिवस तर माणूस उठून भिंतीला टेकून बसायला लागला होता. घाटावरच्या नथ्थूनं हातावर चुन्याचं पाणी चोळून पिवळं उतरवून दाखवलं. दवाखानाही झाला. विसाव्या दिवशी सुखराम गेला. जाताना त्याच्या डोळ्यांचा रंग कलावतीनं पाहिला तो पाहिला. त्यानंतर कुणाच्या आजारपणात डोळ्यांकडे बघायची तिची छातीच झाली नाही.

पदरात नऊ वर्षांचा विष्णू होता. शेजारणीला फॅक्टरीत नोकरी लागली, तिनं आपलं तान्हं कलावतीच्या ओटीत टाकलं. एकाचे दोन झाले, दोनाचे सात. विष्णू मोठा होऊन बापाच्याच कारखान्यात लागला, लता नावाची सून घरात आली, पण ओसरीवरची सतरंजी काही उचलली गेली नाही. मुलं तिला आजी म्हणत आणि मुलांच्या आया मावशी. तेव्हा ती जेमतेम चाळिशीत होती, पण आजी म्हटल्याचा तिला कधी राग आला नाही.

१९८३च्या दिवाळीनंतर या सतरंजीवर विनीता रामटेके आली. वय नऊ महिने, अंगानं सहा महिन्यांची. तिची आई शैलजा सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत कारकून होती. गृहविज्ञानाची पदवीधर, बोलायला चांगली, पण जिवाला घोर लावून घेणारी. नवरा विनय रेल्वेत, पंधरा पंधरा दिवस लाईनवर. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर ही पोर झाली होती.

"मावशी, ही काहीच खात नाही हो," पहिल्याच दिवशी शैलजा दारात रडकुंडीला आली. "वरणाचं पाणी थुंकते, केळं थुंकते, खिचडी तर बघतसुद्धा नाही."

"थुंकू दे नं. थुंकाची ताकद आहे नं पोट्टीत? मंग भेव कायचा?"

"तुम्हाला मस्करी सुचते. माझी झोप उडाली आहे."

"झोप मी देतो तुले परत. दोन आठवडे दे मले."

पोरीनं वाटाणा थुंकला. दुधी थुंकला, गाजर थुंकलं, बटाटा तर कलावतीच्या चोळीवरच उडवला. बाराव्या दिवशी कलावतीनं कोहळ्याची एक फोड तिच्या हातात दिली. विनीता ती सकाळभर चाटत बसली, आणि दुपारी वाटी समोर येताच तिनं आपणहून तोंड उघडलं. लता म्हणाली, "आई, पाहा नं, चिमणीवानी आ करून राहिली!" त्या दिवशी तिनं अर्धी वाटी खाल्ली, दुसऱ्या दिवशी पूर्ण.

मग काय, रोज कोहळं. नर्मदा खास पिकलेलं, आतून केशरी असलेलं कोहळं बाजूला काढून ठेवू लागली. जानेवारी उजाडेपर्यंत पोरीच्या मनगटाला वळ्या पडल्या, गाल भरले, ती सतरंजीवरून रांगत थेट चुलीपर्यंत यायला लागली. शैलजा संध्याकाळी न्यायला यायची तेव्हा तिच्या पावलांत आता धावपळ नसे. एकदा तिनं विचारलं, "घरी काय देऊ?" तेव्हा कलावती सहज म्हणाली, "आवडते तं तेच देत जा." एवढंच बोलणं झालं. यापुढे घरी काय शिजतं ते कलावतीनं विचारलं नाही, आणि शैलजानं सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

जानेवारीतल्या एका बुधवारी दुपारी कलावती अंगणात उन्हात बसून विनीताला तेल लावत होती. तळहात चोळताना तिला वाटलं, हळद सांडली वाटतं. तिनं पदरानं पुसलं. गेलं नाही. साबण लावला, तरी गेलं नाही. तिनं पोरीला उलटं केलं. तळपाय पिवळे. नाकाच्या कडा पिवळ्या. उन्हात ते इतकं स्वच्छ दिसत होतं की तिच्या हातातली तेलाची वाटी तिथेच कलंडली.

पापणी वर करून बघायचं तिला माहीत होतं. चौदा वर्षांपूर्वी तिनं तेच केलं होतं. तिचा अंगठा पोरीच्या भुवईपर्यंत गेला आणि तिथून परत आला.

त्या संध्याकाळी शैलजा आली, पोरीला उचललं, पापा घेतला, "आज काय काय खाल्लं माझ्या बाईनं?" म्हणाली. स्वेटर, टोपी, पायमोजे, सगळं घातलेलं. दिवेलागण झाली होती. कलावती म्हणाली, "सगळं खाल्लं." आणि गप्प राहिली.

काहून गप्प राहिली, हे तिनं पुढे स्वतःलाच पुष्कळदा विचारलं. सांगितलं असतं तर शैलजानं पोर नेली असती. बाकीच्या सहा जणींनीही आपापली नेली असती, कारण कावीळ एका घरातून दुसऱ्या घरात जाते हे कुणाला माहीत नाही? पण एवढंच नव्हतं. तिला वाटलं, मीच हिला खाऊ घालून वाढवली, मीच उतरवीन. सुखरामच्या वेळी आपण उशिरा जागे झालो, या वेळी पहिल्याच दिवशी पथ्य धरू, दोन दिवसांत पोरीचा रंग येईल, मग सांगू हसत हसत.

गुरुवारी तिनं विनीताचं जेवण वेगळ्या गंजात, एका छोट्या पातेल्यात, लावलं. तेल नाही, तूप नाही, हळदीचा कण नाही. नुसतं पाण्यात शिजलेलं कोहळं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, चार वाजता आणखी एकदा.

"आई, या पोरीचं अलग काहून करून राहिल्या?" लतानं विचारलं.

"पोट बिघडलं तिचं."

"बिघडलं? मले तं मस्त दिसून राहिली."

"तुले काय समजते?" कलावती खेकसली. सून चकित झाली. सासूचा असा आवाज तिनं दोन वर्षांत ऐकला नव्हता.

विनीता खरंच मस्त होती. खात होती, हसत होती, टाळ्या वाजवत होती, आणि टाळी वाजवणारे ते दोन तळहात शुक्रवारी गुरुवारपेक्षा पिवळे होते. कलावती जेवेना. ताट वाढून घ्यायची आणि तसंच झाकून ठेवायची. हळद पिवळी म्हणून तिनं पोरीच्या जेवणातून काढली होती. चुलीवर तीन तीनदा शिजणाऱ्या त्या केशरी गंजाच्या रंगाकडे मात्र तिचं लक्षच गेलं नाही. सुखरामला मानवलेलं अन्न ते. त्याच्यावर संशय कसा घेणार?

शनिवारी सकाळी ती नर्मदेपुढे दुसऱ्या कोहळ्यासाठी उभी राहिली.

"काय री, तीन दिन में दो कुम्हड़े? बारात आ रही है क्या?" नर्मदा म्हणाली. मग वर बघून, "ए कलावती, तेरा मुंह ऐसा काहे को?"

कलावती तिथेच टोपलीशेजारी उकिडवी बसली आणि सगळं बोलली. नर्मदेनं तराजू खाली ठेवला.

"नथ्थू को दिखाएगी? उसका लड़का करता है अब झाड़ना."

"नाही. एक बार देखा मैंने. हात का रंग निकला, मानूस नाही बचा."

"अच्छा. मां को बताया?"

कलावती टोपलीतल्या कोहळ्याचं देठ चाचपत राहिली.

"नहीं बताया?" नर्मदेचा आवाज चढला. "तीन दिन से? बच्ची उसकी है कि तेरी?"

आजूबाजूचे दोघे-तिघे वळून बघायला लागले. कलावती उठली. कोहळं तिनं घेतलंच नाही. घरी येऊन लताला म्हणाली, "सहा लेकरं तुह्या भरोशावर," आणि विनीताला शालीत गुंडाळून टेम्पोत जाऊन बसली.

सिव्हिल लाइन्सला ती यापूर्वी दोनदाच आली होती, सुखरामच्या कागदांसाठी. कचेरीच्या लांबलचक व्हरांड्यात ती एकेका दारात डोकावत गेली. चौथ्या दारात शैलजानं टाइपरायटरवरून मान वर केली, आणि मावशीच्या कडेवर आपली पोर पाहून तिचा चेहरा असा पांढरा पडला, की कलावतीनं ठरवून आणलेली सगळी वाक्यं गळून पडली.

"कावीळ आहे," ती म्हणाली. "बुधवारी दिसली मले. मी नाही सांगितलं."

शैलजा ताडकन उठली. पोरीला खेचून घेतलं, टोपी काढली, मोजे काढले. तिनं खिडकीकडे न जाता तिथेच, कचेरीच्या पिवळ्या बल्बखाली पोरीचे डोळे पाहिले आणि म्हणाली, "डोळेसुद्धा पिवळे आहेत." मग शेजारच्या बाबूला "साहब को बोल देना" एवढं सांगून ती धावतच निघाली. रिक्षात बसल्यावर मग ती बोलली.

"चार दिवस, मावशी."

"हो."

"मी रोज संध्याकाळी तुम्हाला विचारत होते, कशी आहे. रोज."

विनीता दोघींच्या मधे बसून मावशीच्या पदराचं टोक चघळत होती.

डॉक्टर भानुमती चौकसे या मुलांच्या डॉक्टर. केस पिकलेले, आवाज खणखणीत. त्यांनी पोट दाबून पाहिलं, हात उलटेपालटे केले, मग विनीताला उचलून सरळ खिडकीशी नेलं.

"दोनों इधर आओ. आंख देखो इसकी. क्या रंग है?"

"पीली है," शैलजा म्हणाली.

"डर के मत देखो. उजाले में देखो. बाई, आप भी."

कलावती भिंतीकडे बघत होती. "मुझसे नहीं होगा जी."

"होगा. आओ."

डॉक्टरांनी बोटानं खालची पापणी ओढली. कलावती वाकली. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं आणि त्या उन्हात विनीताचं बुबुळाभोवतीचं सगळं नुकत्या धुतलेल्या मुळ्यासारखं पांढरंशुभ्र होतं. तिनं दुसरा डोळा स्वतःच्या अंगठ्यानं उघडून पाहिला. तोही पांढरा.

"सफेद है," ती म्हणाली. मग पुन्हा, मोठ्यानं, "शैलजा, पाह्य वं, सफेद आहे!"

"तो पीलिया कहां गया?" डॉक्टर म्हणाल्या. "पीलिया पहले आंख में आता है. लंगोट पर पीला दाग पड़ता है?"

"नहीं जी. मैं धोती हूं. साफ रहता है."

"खाती क्या है ये?"

"कुम्हड़ा."

"कितना?"

"एक कटोरी. परसों से तीन बार, बिना हल्दी का. परहेज किया मैंने."

डॉक्टरांनी चष्म्यावरून शैलजाकडे पाहिलं. "और घर में?"

"शाम को कुम्हड़ा," शैलजा हळूच म्हणाली. "और सवेरे पपीता."

कलावती गर्रकन वळली. "तू बी?"

"तुम्हीच म्हणालात ना, आवडतं तर तेच द्या म्हणून!"

डॉक्टर खुर्चीत बसल्या आणि इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "ये लड़की नहीं है, पूरा कुम्हड़ा है! जितना पीलिया उतार रही थीं, उतना चढ़ा रही थीं." मग त्यांनी समजावून सांगितलं. कोहळं, गाजर, पपई यांत जो रंग असतो, तो फार झाला की लहान मुलांच्या कातडीत साठतो. हातापायांवर दिसतो, डोळ्यांत येत नाही. अपाय काही नाही. कमी केलं की काही आठवड्यांत आपोआप उतरतो. "विलायत में गाजर से होता है, जापान में संतरे खा-खा के होता है, तुम्हारे यहां कुम्हड़े से हो गया. मांएं सब जगह एक-सी डरती हैं. पर यहां ले आईं, ये अच्छा किया. हर पीला बच्चा कुम्हड़े वाला नहीं होता."

शैलजानं कपाळावर हात मारून घेतला. "कॅरोटीन! मावशी, मी हे शिकले आहे. फायनलला प्रश्न आला होता, दोन पानं लिहिली होती मी!"

"मंग पोरीच्या हातावर काहून नाही वाचता आलं?" कलावती बोलून गेली, आणि लगेच जीभ चावली. पण शैलजा हसत होती. हसता हसता ती रडायलाच लागली, आणि डॉक्टरांनी त्या दोघींसाठी पाणी मागवलं.

परतीला त्यांनी पुन्हा रिक्षा केली. सुटकेनं शैलजाचं अंग सैल पडलं होतं, पण घमापूरचा चौक मागे गेल्यावर ती म्हणाली, "मावशी, खरंच असती तर?"

"तं मी तुह्या समोर उभी राहाले लायक नसती," कलावती म्हणाली. मग तिनं सुखरामचं सांगितलं. पाच दिवस तो भिंतीला टेकून बसायचा ते, चमच्याचं कोहळं, शेवटचे डोळे. हे तिनं लतालाही कधी सांगितलं नव्हतं. "मले वाटलं, मी उतरवीन. चूक झाली, बाई. उद्यापासून पोरीले आनशील का, हे इचाराची बी हिंमत नाही माही."

शैलजानं पोरीची सुटलेली टोपी नीट बांधली.

"उद्या रविवार आहे," ती म्हणाली.

कलावतीला कळायला क्षणभर लागला.

"सोमवारी आणीन. पण यापुढे तिला शिंक आली तरी त्याच संध्याकाळी मला कळलं पाहिजे. आणि घरी मी काय देते ते मी सकाळी सांगत जाईन. माझंही चुकलंच की."

"होय जी," कलावती म्हणाली. आपल्याहून दहा-बारा वर्षांनी लहान पोरीला तिनं त्या दिवशी जी म्हटलं.

संध्याकाळी बाकीच्या सहा जणी मुलं न्यायला आल्या, तेव्हा कलावतीनं त्यांना दारातच थांबवलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, लपवलेलं धरून. लता मागे उभी राहून ऐकत होती. मल्होत्रांची सून म्हणाली, "मावशी, मेरे वाले को पालक कम देना, हरा हो गया तो सास घर में नहीं लेगी!" सगळ्या हसल्या. एक जण हसली नाही. तिनं आपला मुलगा उचलला आणि न बोलता निघून गेली. तो पुढच्या गुरुवारी परत आला. कलावतीनं तिला काही विचारलं नाही. तिचं बरोबरच होतं.

दार लावून ती आत आली आणि चुलीपाशी बसली. सकाळचा भात होता, वरण होतं, मेथीची भाजी होती.

"गरम करून देतो, आई," लता म्हणाली.

"राहू दे. तसंच वाढ."

ती जेवायला लागली. लतानं दुसऱ्यांदा भात वाढला, तिसऱ्यांदा वाढला, आणि कढईतली मेथी संपली तेव्हा कलावतीनं आणखी आहे का म्हणून विचारलं.